जुन्या मोटारींच्या छंदात ट्रॅक्टरला जागा आहे का? वडिलांचा बी २७५ पुन्हा चालू करायचा आहे

प्रश्न: पद्मिनी_नाशिक

नमस्कार. जुन्या मोटारी सांभाळणारी जाणकार मंडळी येथे लिहितात, म्हणून एका ट्रॅक्टरविषयीचा प्रश्न थोडा सविस्तर मांडते आहे.

आमच्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आहे. तिचे १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि थंडीच्या सकाळी चोक ओढून तिला जागे करण्याची पद्धत या सगळ्यांत मला मनापासून रस आहे. रविवारी ती घेऊन गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागले की गाडी चालवण्याचा जो आनंद मिळतो, तो मला दुसऱ्या कोणत्याही गाडीत मिळालेला नाही. आता प्रश्न निफाड तालुक्यातल्या माझ्या माहेरचा आहे. तेथे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांचा इंटरनॅशनल बी २७५ ट्रॅक्टर बऱ्याच वर्षांपासून उभा आहे. वडील आता नाहीत. भावाची सगळी जमीन द्राक्षबागेखाली गेली असून तो बागेसाठी अरुंद, छोटा ट्रॅक्टर वापरतो. वेलींच्या दोन ओळींमधून हा जुना ट्रॅक्टर जात नाही, त्यामुळे त्याला काम उरले नाही. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला आहे आणि भावाने माझ्या उत्तरासाठी तो व्यवहार थांबवून ठेवला आहे.

वडिलांनी हा ट्रॅक्टर भूविकास बँकेकडे जमीन तारण ठेवून घेतला होता. आमच्या काळ्या जमिनीत हरळी माजली की बैलांच्या नांगराला ती दाद देत नसे, आणि म्हणून ट्रॅक्टर आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आमच्याबरोबर आसपासच्या वस्त्यांवरचीही नांगरट वडिलांकडे आली. वैशाखातली ही कामे ते रात्री करत, कारण दिवसाच्या उन्हात माणूसही टिकत नसे आणि रेडिएटरही. हाच ट्रॅक्टर लासलगावच्या बाजारात कांद्याची ट्रॉली नेत असे, गळीत हंगामात कारखान्याला ऊस नेत असे आणि लग्नसराईत वऱ्हाडही नेत असे. मडगार्डवर बसून शेतात जाण्याची परवानगी मिळणे ही आम्हा भावंडांसाठी मोठी गोष्ट होती. पद्मिनीवर माझे प्रेम आहे, पण ती हौसेने घेतलेली गाडी आहे. आमचे घर मात्र या ट्रॅक्टरने उभे केले आहे, आणि तो वजनावर विकला जावा हे मला सहन होत नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. इतकी वर्षे बंद असलेले डिझेल इंजिन इजा न करता कसे चालू करावे? त्याचा पत्रा कारखान्यातून आल्यासारखा लाल रंगवून घ्यावा, की आहे तसा ठेवावा? आणि जुन्या मोटारींसाठी जी व्हिंटेज नोंदणी निघाली आहे, ती ट्रॅक्टरला मिळते का?

उत्तर: डिझेल_फिटर (सातपूर)

ताई, आधी इंजिनाचे सांगतो, कारण घाई झाली तर सर्वांत जास्त नुकसान तेथेच होते. गावाकडे बंद ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला दोराने बांधून, ओढून चालू करण्याची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत ते कोणालाही करू देऊ नका. सिलिंडरमध्ये गंजाने पिस्टनच्या रिंगा धरल्या असतील, किंवा डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून डिझेल किंवा हेड गॅस्केटमधून पाणी झिरपून पिस्टनवर साचले असेल, तर ओढण्याच्या झटक्याने रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग जे काम तेल घालून झाले असते त्यासाठी संपूर्ण इंजिन उतरवावे लागते.

पहिल्या दिवशी फक्त पाहणी करा. ऑइलची डीपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. इंजिनाच्या ऑइल चेंबरखालचा बोल्ट सावकाश सैल केल्यावर आधी पाणी आले, तरी तोच अर्थ होतो. टाकीतले जुने डिझेल पूर्ण काढून टाका, टाकी आतून धुऊन घ्या आणि दोन्ही फिल्टर बदला. नंतर चारही नोझल काढा. ही नोझल तपासून घेण्यासाठी नाशिकइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण सातपूरच्या मायको कारखान्यात नोझल आणि इंजेक्टरचेच काम पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे आणि त्या कामात हात तयार झालेली माणसे शहरात आजही आहेत. फवारा बारीक आणि सारखा पडतो का, दाब धरून ठेवतो का आणि टोकाशी थेंब राहतो का, एवढे त्यांच्याकडून पाहून घ्यावे.

नोझल काढलेल्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा आणि काही दिवस तसेच राहू द्या. नोझल नसल्यामुळे कॉम्प्रेशन राहत नाही, म्हणून त्यानंतर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहता येते. फिरले नाही तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा आणि थांबा. फिरू लागले की वरचे झाकण काढून सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात आणि परत बसतात की नाही ते बघा, कारण एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असताना इंजिन चालू झाले तर पुशरॉड वाकतो.

इंजिनावरच्या डिझेल पंपाकडे विशेष लक्ष द्या. बरीच वर्षे बंद राहिलेल्या पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल सोडायचे ते ठरवणारी दांडी, पूर्ण डिझेलच्या जागी अडकून बसलेला असू शकतो, आणि अशा वेळी इंजिन चालू होताच ते थेट कमाल वेगाला जाते व चावीने किंवा दोरीने बंद होत नाही. म्हणून पंपवाल्याकडून रॅक मोकळा करून घेतल्याशिवाय पहिला स्टार्टर मारू नये, आणि तो मारताना एका माणसाने हवेच्या तोंडावर दाबून धरण्यासाठी जाड, सपाट फळी हातात घेऊन उभे राहावे. हवा बंद झाली की डिझेल इंजिन थांबतेच. जुन्या एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल असते. ती वाटी रॉकेलने धुऊन नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरा, जास्त नको, कारण जास्तीचे ऑइल इंजिनात ओढले जाते आणि तेही वेग वाढवते.

बी २७५ चे इंजिन चार सिलिंडरचे, १४४ घन इंच म्हणजे सुमारे २,३६० सीसीचे आहे. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी छोट्या कप्प्यात जळते, म्हणून थंड इंजिनाला हीटर प्लग लागतात. निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. प्लग जळलेले असताना नुसता स्टार्टर मारत राहिल्यास बॅटरी उतरते आणि लोक इंजिनच गेले असे ठरवून मोकळे होतात. प्रत्येक प्लग बाहेर काढून तो लाल होतो का ते पाहून घ्यावे.

क्लच फ्लायव्हीलला चिकटला असेल तर पेडल दाबून त्याला लाकडाची टेकण देऊन काही दिवस ठेवा. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असेल तर रिम आतून गंजलेली असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा टायर उतरवून रिम पाहिल्याशिवाय रस्त्यावर आणू नये.

उत्तर: अँबेसेडर_मार्क_दोन

डिझेल_फिटर यांच्या सूचना मोलाच्या आहेत. मी रंगाविषयी लिहितो, आणि माझे मत स्पष्ट आहे: पूर्ण रंगवून घ्या. आमच्या छंदात गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी दिसावी हा मापदंड आहे आणि तो विचारपूर्वक ठरलेला आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अँबेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत राहिली, पण त्या काळात तिची जाळी, दिवे, डॅशबोर्ड इतक्या वेळा बदलले की मूळ रूप कोणते हे कळण्यासाठी नीट दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्याच उपयोगी पडतात. ट्रॅक्टरलाही तोच न्याय हवा. शिवाय गंज थांबत नाही. आज आपण ज्याला वयाचे तेज म्हणतो ते काही पावसाळ्यांनंतर भोक झालेले असते.

ट्रॅक्टरला या छंदात जागा आहे का, हा प्रश्न मोटारींच्या चाहत्याने तरी विचारू नये. अ‍ॅस्टन मार्टिनच्या मोटारींच्या नावातील डीबी ही अक्षरे डेव्हिड ब्राऊन यांची आहेत, आणि त्यांनी १९४७ मध्ये ती कंपनी विकत घेतली तेव्हा ते इंग्लंडात ट्रॅक्टर बनवत होते. लॅम्बोर्गिनी यांनीही १९६३ मध्ये मोटारींची कंपनी काढण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या धंद्यात नाव कमावले होते. आपण आपला बी २७५ पद्मिनीच्या शेजारी निःसंकोच उभा करावा.

उत्तर: काळी_माती (दिंडोरी)

अँबेसेडर_मार्क_दोन यांचा आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. आमच्याकडे मॅसी फर्ग्युसन कंपनीची १०३५ आहे, ती अजून कामात आहे, आणि तिच्यावर वाढलेला माणूस म्हणून मला वाटते की मोटारीचा मापदंड ट्रॅक्टरला जसाच्या तसा लागू होत नाही. मोटार कारखान्यातून पूर्ण होऊन येते. ट्रॅक्टर शेतावर आल्यानंतर पूर्ण होतो. वर छत्री कोणी बसवली, मागचा हूक कोणत्या लोहाराने जाड पट्टीने पुन्हा जोडला, सीटखाली पान्यांची पेटी कोणी वेल्ड केली, हे सगळे त्या यंत्राच्या घडणीचेच भाग आहेत, आणि कारखान्यासारखे करण्याच्या नादात प्रथम तेच कापून फेकले जातात.

यंत्राची बुद्धी रंगात नसते हेही सांगितले पाहिजे. आमच्या मॅसीच्या मुळाशी हॅरी फर्ग्युसन यांची तीन सांध्यांची जोडणी आहे. त्यांच्या आधी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढला जाई आणि फाळ खडकात अडकला की पुढची चाके वर उचलली जाऊन ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटत असे. फर्ग्युसन यांनी नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि वरच्या दांड्यावर येणारा दाब हायड्रोलिकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचवला. जमीन कठीण लागली की तो दाब वाढतो, हायड्रोलिक नांगराला किंचित वर घेते, नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चाके घसरण्याऐवजी पकड घेतात. काळ्या जमिनीत उन्हाळी नांगरट करताना, भेगाळलेल्या कडक पट्ट्यातून ओलसर पट्ट्यात जाताना, हँडलला हात न लावता नांगर स्वतः खोली सांभाळतो हे मी लहानपणी वडिलांच्या मागे उभा राहून पाहिले आहे, आणि मोठा झाल्यावर त्यामागचे गणित समजले तेव्हा त्या माणसाविषयी वाटणारा आदर फार वाढला.

मोटारवाल्या मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. फर्ग्युसनचा करड्या रंगाचा टीई २० हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटर कंपनीने बनवला, आणि त्याची संख्या पाच लाखांच्या वर गेली. स्टँडर्डचे जे चार सिलिंडरचे इंजिन त्यात बसत असे, तेच थोड्याफार फरकाने स्टँडर्ड व्हॅनगार्ड या मोटारीत होते आणि ट्रायम्फ टीआर २ या स्पोर्ट्स कारमध्येही होते. त्याचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, बाहेर काढून बदलता येत, म्हणून ते शेतातही टिकले आणि शर्यतीतही.

आपल्याच जिल्ह्याचा इतिहासही जपण्यासारखा आहे. किर्लोस्करांनी जर्मनीतील डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे ट्रॅक्टर नाशिकमध्ये बनवले होते. रेडिएटर नाही, पाणी नाही, उन्हाळ्यात उकळण्याची भीती नाही. आज जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांना हे नावही ठाऊक नसते. अशी यंत्रे भंगारात जातात तेव्हा त्यांची माहितीही जाते.

म्हणून माझा सल्ला असा: जे फिरते, जे दाब धरते आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते, म्हणजे इंजिन, पंप, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि हायड्रोलिक, पूर्णपणे नवे केल्यासारखे करावे. पत्र्यावरचा सैल गंज तारेच्या ब्रशने काढून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर पातळ तेलाचा हात द्यावा आणि दर पावसाळ्यापूर्वी तो पुन्हा द्यावा. भोक पडले असेल तेवढ्याच जागी आतून पट्टी लावावी. वडिलांचा हात ज्या लिव्हरवर घासून ते चकाकले आहे, तेथे रंग देऊ नये.

उत्तर: जुने_आरसी_बुक

नोंदणीपुरते लिहितो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची जी तरतूद आली ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे. त्यांना व्हीए अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. ट्रॅक्टर या व्याख्येत बसत नाही.

त्याची आपल्याला गरजही नाही. शेतीचा ट्रॅक्टर नियमांनुसार बिगर-परिवहन वाहन आहे, त्यामुळे पहिली १५ वर्षे संपल्यावर नमुना २५ भरून, तपासणी करून घेऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर असल्यास आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर हस्तांतर करावे लागेल, त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती तयार ठेवा. बँकेचा बोजा आरसीवर अजून दिसत असेल तर कर्जफेडीचा दाखला जोडून तो उतरवणे हे पहिले काम आहे, कारण त्याशिवाय पुढचे काही होत नाही. स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर चालवण्यास नूतनीकरणाची अडचण येत नाही, पण बांध ओलांडून सार्वजनिक रस्त्यावर आणल्यास नोंदणी चालू आणि विमा काढलेला असलाच पाहिजे. रॅलीला आणायचे झाले तरी हाच नियम आहे.

पद्मिनी_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी बोलले आणि भंगारवाल्याला नकार कळवला आहे. आरसीवर बँकेचा बोजा खरोखरच अजून आहे. कर्ज फिटल्याचे कागद घरच्या ट्रंकेत सापडले, त्यामुळे त्या कामाला लागत आहोत. रंगाबाबत मला काळी_माती यांचे म्हणणे पटते. डावे मडगार्ड मूळचे नाही, ते गावातल्या लोहाराने जाड पत्र्यातून घडवले होते आणि आम्ही भावंडे त्याच मडगार्डवर बसत असू, त्यामुळे कारखान्याचे मडगार्ड मिळाले तरी मी ते बदलणार नाही. एक शंका उरते. इंजिन उघडावेच लागले तर बी २७५ चे भाग आज मिळतील का?

उत्तर: देवळाली_जीप

ताई, भागांची काळजी करू नका. बी २७५ मूळचा इंग्लंडातील इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. १९६३ मध्ये महिंद्राने त्यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. याच ट्रॅक्टरच्या इंजिनावरून आलेले डिझेल इंजिन महिंद्राच्या जुन्या जीपमध्येही बसत असे, म्हणून आम्ही जीपवाले आणि तुम्ही ट्रॅक्टरवाले एकाच दुकानात भाग शोधतो. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, हीटर प्लग हे सगळे मिळते. पेट्रोल जीपचे शौकीन आम्हाला आवाजावरून टोकतात, पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ते इंजिन ज्या संथ ताकदीने खेचते त्याची सर मला दुसऱ्या कशालाही आलेली दिसली नाही.

खरेदीला जाताना ट्रॅक्टरच्या पाटीवरचा चासी क्रमांक आणि ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक दोन्ही लिहून न्या. कामात राहिलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन मधल्या काळात बदललेले असणे सर्रास आढळते, आणि नुसते मॉडेलचे नाव सांगितले तर पिस्टन किंवा बेअरिंग चुकीच्या मापाचे येऊ शकते. बेअरिंगची ऑर्डर देण्यापूर्वी लेथवाल्याकडून क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंग ज्यावर बसते ते गोल भाग, मोजून घ्या, कारण वडिलांनी एकदा क्रँक घासून घेतलेला असेल तर मूळ मापाचे बेअरिंग त्यावर सैल बसेल. पाटी गंजून वाचता येत नसेल तर ती घासू नका; खडूची पूड ओल्या बोटाने अक्षरांत भरून वरची पुसली की आकडे दिसतात. तेच आकडे आरसीवरच्या आकड्यांशी जुळवून पाहा, म्हणजे नूतनीकरणाच्या तपासणीत अडचण येणार नाही. इंजिन क्रमांक वेगळा निघाला तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता आरटीओत इंजिन बदलाची नोंद आधी करून घ्या.